काविळीला गुण कशाने येतो?

मी दहा वर्षांचा असताना मला कावीळ झाली. साल १९६६, गणपती नुकतेच गेले होते. चार-पाच दिवस अंगात कणकण होती, भाताचा वास आला तरी पोटात ढवळायचं. मग एका सकाळी आजीने माझी खालची पापणी ओढून पाहिली आणि आईला हाक मारली, "अगं, पोराचे डोळे बघ, हळद सांडल्यागत झालेत." गावात डॉक्टर नव्हता. असता तरी मला त्याच्याकडे नेलं नसतं. काविळीवर डॉक्टरकडे औषध नाही, हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. आणि गंमत म्हणजे ते बरंचसं खरंही होतं.

दोन कोसांवरच्या एका वाडीत आप्पा राहायचे. शेतकरी माणूस. वडिलांकडून मिळालेलं काविळीचं औषध ते बुधवारी आणि रविवारी द्यायचे. पैसे घेतले तर औषधाचा गुण जातो, म्हणून पैशाला शिवायचे नाहीत. देवापुढे नारळ ठेवायचा, बस्स. त्यांनी माझ्या दोन्ही हातांना मनगटापर्यंत कसलासा तुरट वासाचा रस चोळला, तो वाळू दिला आणि परातीत निवळ पाणी ओतून त्यात हात धुवायला लावले. पाणी बघता बघता पिवळंजर्द झालं. "निघाली बघा," आप्पा म्हणाले. आईने परातीलाच हात जोडले. मग कुठल्याशा पाल्याचा कडूजहर रस ताकातून प्यायला दिला आणि पथ्य सांगितलं. तेल-तूप नाही, तिखट नाही, हळद तर नाहीच. ताकभात, फुटाणे आणि उसाचा रस. महिनाभर उन्हात हिंडायचं नाही. तीन आठवड्यांत मी खडखडीत बरा झालो.

पुढे मी डॉक्टर झालो आणि १९८४ पासून सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवला. काविळीचे पेशंट किती पाहिले याची मोजदाद नाही. त्यातल्या बहुतेकांनी माझ्याकडे येण्याआधी किंवा येऊन गेल्यावर कुठल्या ना कुठल्या आप्पांचं औषध घेतलेलं असे. आणि ते बरे होत. "डॉक्टर, राग मानू नका, पण तुमच्या गोळ्यांनी नाही, त्या औषधाने उतरली," असं मला प्रामाणिकपणे सांगूनही जात. राग कसला मानायचा? माझ्या गोळ्यांनी ती उतरली नव्हती, हे मलाही माहीत होतं.

मग ती उतरते कशाने? त्यासाठी कावीळ म्हणजे काय ते आधी पाहावं लागेल. कावीळ हा रोगच नव्हे. ताप जसा रोग नसून कुठल्या तरी रोगाची खूण असतो, तशीच कावीळ. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं. जुन्या पेशी मोडीत निघतात तेव्हा त्यांच्यातल्या लाल रंगापासून एक पिवळं द्रव्य तयार होतं, बिलिरुबिन. यकृत ते रक्तातून उचलतं, त्यावर प्रक्रिया करतं आणि पित्तातून आतड्यात सोडून देतं. आपल्या शौचाला जो रंग असतो तो यातूनच आलेला. हा निचरा कुठेही बिघडला की पिवळं द्रव्य रक्तात साठतं आणि आधी डोळ्यांत, मग कातडीवर दिसू लागतं. (कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं, असं आपण म्हणतो. मला तरी काही पिवळं दिसलं नव्हतं.)

बिघाड तीन ठिकाणी होऊ शकतो. तांबड्या पेशीच भराभर फुटू लागल्या तर यकृताला काम झेपत नाही. यकृताला सूज आली तर ते नेहमीचंही काम करू शकत नाही. आणि यकृत धडधाकट असलं, पण पित्त वाहून नेणारी नळी खड्याने किंवा गाठीने तुंबली, तरी माल मागे साठतो. डोळे तिन्ही वेळा सारखेच पिवळे. आजार मात्र तीन वेगळे, आणि त्यांचे उपायही वेगळे.

आपल्याकडे पावसाळ्यात आणि पावसाळा सरताना जी कावीळ गल्लोगल्ली दिसते ती मधल्या प्रकारची, यकृताच्या सुजेची, आणि बहुधा पाण्यातून आलेली. तिचे दोन विषाणू मुख्य, हेपटायटिस 'ए' आणि 'ई'. 'ए' जास्त करून मुलांना होतो, 'ई' मोठ्यांना. दोन्ही सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळल्याने पसरतात. दिल्लीत १९५५ च्या डिसेंबरात आणि १९५६ च्या जानेवारीत यमुनेच्या पाण्यात गटाराचं पाणी शिरलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती 'ई' ची होती हे कळायला मात्र पुढची पंचवीस-तीस वर्षं लागली. मिखाईल बालायान नावाच्या सोव्हिएत शास्त्रज्ञाने काविळीच्या रोग्यांच्या विष्ठेतला अर्क स्वतः प्राशन केला, स्वतःला कावीळ करून घेतली आणि आपल्याच विष्ठेत विषाणू दाखवून दिला. त्याचा तो निबंध १९८३ चा. आपल्याकडे इचलकरंजीत २०१२ साली अशीच मोठी साथ येऊन गेली.

आता या विषाणूंची चाल पाहा. पाणी पोटात गेल्यावर तीन-चार आठवडे, कधी जास्तही, काहीच जाणवत नाही. मग ताप, मळमळ, अन्नावरची वासना उडणं. डोळे पिवळे होतात ते यानंतर, आणि बहुतेकांच्या बाबतीत डोळे पिवळे होता होता ताप आणि मळमळ ओसरू लागलेली असते. शरीराने विषाणूशी लढा मांडलेला असतो आणि तो जिंकतही आणलेला असतो. म्हणजे घरचे लोक घाबरून औषधवाल्याकडे धाव घेतात त्या दिवशी आजार बहुधा उताराला लागलेला असतो. दोन दिवसांनी पोराला भूक लागते आणि श्रेय त्या कडू रसाला जातं. पिवळेपणा तीन-चार आठवड्यांत आपसूक जातो. थोड्या अपवादांखेरीज हा आजार आपोआप बरा होतो, आणि जो आजार आपोआप बरा होतो त्यावर कुठलंही औषध लागू पडतं. म्हणूनच तर काविळीच्या औषधांची एवढी चंगळ आहे. कुठे गळ्यात माळ घालतात, कुठे नाकात रस पिळतात, कुठे मनगटावर तापलेल्या तारेने डाग देतात.

यातल्या प्रत्येकात कावीळ 'निघताना' डोळ्यांना दिसली पाहिजे अशी सोय असते. हात धुण्याचं इंगित अगदी साधं आहे. हाताला चोळलेला रस आंब्याच्या सालीचा असतो आणि परातीतलं निवळ पाणी म्हणजे चुन्याची निवळी. दोन्ही एकत्र आले की पिवळा रंग येतो. हळद आणि चुना एकत्र आले की लाल होतं ते आपण पाहतोच, त्यातलाच प्रकार. तुमचे-माझे निरोगी हात तसे धुतले तरी पाणी पिवळंच होणार. माळेचं तंत्र त्याहून नामी. ओल्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्याच्या फासात आवळून माळ करतात. काड्या वाळून आकसल्या की फास सैल पडतात आणि तेवढा दोरा मोकळा होऊन माळ लांबते. गळ्यातली माळ छातीवर, मग पोटावर उतरत गेली की कावीळ उतरली. आणि देवडांगरीचं वाळलेलं फळ भिजवून ते पाणी नाकात पिळलं की नाकाचं अस्तर इतकं चिडतं की दिवसभर पिवळसर पाणी गळत राहतं. त्याचा यकृताशी संबंध नाही. ते सुजलेल्या नाकाचं पाणी असतं.

हे ऐकून हसू येत असेल तर थांबा, आता माझ्याच धंद्यातलं सांगतो. काविळीच्या पेशंटला सलाईन लावताना बाटलीत जीवनसत्त्वांचं इंजेक्शन सोडलं की सगळी बाटली पिवळी होते. पेशंट खूश, नातेवाईक खूश. बहुतेक पेशंटांना त्या सलाईनची गरज नसते, त्यांना तोंडाने पाणी पिता येत असतं. मी या बाटल्या लावल्या आहेत. 'लिव्हर टॉनिक' म्हणून मिळणारी औषधं महिनोन् महिने लिहून दिली आहेत, पेशंट रिकाम्या हाताने गेला तर दुसऱ्या डॉक्टरकडे जाईल म्हणून. आप्पांची परात आणि माझी बाटली यांत फरक असलाच तर बिलाचा होता.

इथवर सगळं निरुपद्रवी वाटतं. एरवी मीही ते हसण्यावारी नेलं असतं.

१९८६ च्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या मामांना कावीळ झाली. वय साठीच्या घरात. मी पंधरा मैलांवर दवाखाना थाटून बसलेलो, पण मला कुणी कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही. आईनेच भावाला सांगितलं होतं, "आपल्या पोराची नाही का आप्पांनी उतरवली? आज डॉक्टर झालाय तो." म्हणजे आप्पांच्या औषधाची जाहिरात मीच होतो.

पाच आठवडे मामांनी औषध घेतलं. दर रविवारी हात धुतले आणि दर रविवारी पाणी पिवळं झालं. डोळ्यांचा पिवळेपणा मात्र वाढत गेला. अंगाला अशी खाज सुटायची की मामी रात्र रात्र पाठीवर ओलं फडकं फिरवत बसायच्या. लघवी काळ्या चहासारखी, आणि शौच पांढरट, शाडूच्या मातीसारखी. सहाव्या आठवड्यात हुडहुडी भरून ताप आला, मामा बरळू लागले, तेव्हा मला बोलावणं आलं. मामांचं यकृत मुळात चांगलं होतं. पित्ताशयातला एक खडा नळीत उतरून अडकला होता, आणि तुंबलेल्या पित्तात आता पू झाला होता. आम्ही त्यांना शहरात नेलं, ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी ते गेले. पहिल्या पंधरवड्यात नेलं असतं तर मामा आपल्या पायांनी घरी आले असते, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. आईने त्यानंतर तो विषय माझ्यापाशी कधी काढला नाही.

पुढे काही वर्षांनी एका वैद्यमित्राने मला चरकसंहितेतलं काविळीचं वर्णन दाखवलं आणि मी चाट पडलो. चिकित्सास्थानात पांडुरोगाच्या अध्यायात ते आहे. कावीळ झालेल्याची शौच तिळाच्या पेंडीसारखी पांढुरकी होत असेल, तर पित्ताची वाट कफाने अडली आहे असं समजावं आणि त्याचा उपचार वेगळा करावा, असं तिथे सांगितलं आहे. कफाची कल्पना आपण घटकाभर बाजूला ठेवू. पण 'वाट अडली आहे' हे निदान, आणि तेही शौचाच्या रंगावरून! मामांच्या बाबतीत नेमकं हेच पाहायचं राहून गेलं होतं. म्हणून सरसकट 'आयुर्वेद विरुद्ध ॲलोपॅथी' असा सामना लावणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. शिकलेला वैद्य रोग्याला प्रश्न विचारतो, तपासतो. आमच्याकडे काविळीचं औषध म्हणून जे चालतं त्यात बहुधा एकच औषध असतं आणि ते सगळ्यांना एकच.

झाडपाल्यात काहीच नाही, असंही मी म्हणणार नाही. भुईआवळा तुम्ही पाहिला असेल. पावसाळ्यात परसात उगवतो, पानांच्या मागे ओळीने बारीक आवळ्यांसारखी फळं. काविळीच्या कडू रसांत तो पुष्कळदा असतो. या भुईआवळ्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. बारूच ब्लूमबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाने हेपटायटिस 'बी' चा विषाणू ओळखण्याची खूण शोधून काढली आणि १९७६ चं नोबेल मिळवलं. (२८ जुलै हा जागतिक हेपटायटिस दिन म्हणजे त्यांचाच वाढदिवस.) 'बी' ची कावीळ पाण्यातून नव्हे, तर रक्तातून, दूषित सुईतून, आईकडून बाळाला होते आणि काहींच्या शरीरात कायमची मुक्काम ठोकते. मद्रासच्या डॉ. एस. पी. त्यागराजन यांच्या गटाने ब्लूमबर्ग यांच्यासोबत अशा लोकांवर भुईआवळ्याच्या चूर्णाचा प्रयोग केला. १९८८ साली 'लॅन्सेट' मध्ये निकाल आला. चूर्ण घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली होती, नुसती दिसायला तशीच पूड घेतलेल्या २३ जणांपैकी फक्त एकाच्या. जगभर खळबळ उडाली. आम्ही तरुण डॉक्टर तर हरखून गेलो. आपल्या परसातलं रोप!

मग तोच प्रयोग इतर देशांत, इतर रोग्यांवर करून पाहिला गेला, आणि तसा गुण काही पुन्हा दिसेना. कोक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी २०११ मध्ये तोवरचे प्रयोग एकत्र तपासले आणि नुसत्या पुडीपेक्षा भुईआवळ्याने फायदा होतो असं पटण्याजोगं काही आढळत नाही, असा निष्कर्ष काढला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण परंपरेतल्या औषधाला मान द्यायची रीत हीच, असं मी समजतो. ते खरं का, हे विचारायचं आणि उत्तर येईल ते घ्यायचं. 'बी' ला आज लस आहे, २०११ पासून ती देशभर सरकारी लसीकरणात बाळांना मोफत मिळते, आणि २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात 'बी' आणि 'सी' या दोन्ही प्रकारांची औषधंही मोफत मिळतात.

आणखी एक. 'झाडपाल्याचं आहे, अपाय तर नाही ना?' हा प्रश्न मला हजारदा विचारला गेला आहे. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता. गुळवेल आपल्याकडे काविळीवरही देतात. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले, आणि २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण. आयुष मंत्रालयाला हा निष्कर्ष मान्य नव्हता. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच वेल वापरली गेली असेल, असं त्यांचं म्हणणं. काढा प्यायलेल्या कोट्यवधी लोकांच्या मानाने आकडा लहान आहे, हेही खरं. पण सुजलेल्या यकृतावर आपण काय ओततो आहोत ते माहीत असलेलं बरं. हे आमच्या गोळ्यांनाही लागू आहे. कावीळ असताना तापाची, अंगदुखीची गोळीही मनाने घेऊ नये, दारूला तर शिवूच नये. आणि तो उसाचा रस! रसात वाईट काही नाही, पण त्यातला बर्फ कुठल्या पाण्याचा असतो, याची चौकशी केलीत तर कावीळ मुळात आली कुठून, त्याचंही उत्तर कदाचित मिळेल. पथ्यातलं तेल-तूप आवडीनुसार कमी करा, मळमळीत नकोसंच होतं. हळद बंद करण्याचं कारण तिचा रंग, दुसरं काही नाही.

मामा गेल्यावर महिन्याभराने मी आप्पांच्या वाडीवर गेलो होतो. भांडायलाच गेलो होतो. आप्पा आता सत्तरीचे झाले होते, गोठ्यासमोर बसले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "मामास्नी परसाकडं पांढरं व्हत होतं का?"

मी हो म्हणालो. ते बराच वेळ गप्प बसले. "आमचा बा सांगायचा, पांढरं होत असलं तर आपलं औषध चालत न्हाई, दुसरीकडं धाडायचं. म्या इचारलंच न्हाई. एवढी गर्दी असती रविवारची." मग मी परातीचं विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. आंब्याची साल, चुना, सगळं सांगितलं. "डॉक्टर, हात पिवळं झाल्याबिगर मान्सं पथ्य धरत न्हाईत. दुसऱ्या दिशी नांगराला जात्यात. पानी पिवळं दिसलं की म्हैनाभर घरात पडून ऱ्हात्यात." विश्रांती घ्या म्हणून मी रोज घसा फोडत होतो आणि कुणी ऐकत नव्हतं, हे मला त्याच वेळी आठवलं. भांडण तिथेच राहिलं.

तेव्हा आम्ही एक ठरवलं. औषध द्यायचं तर द्या, पण आधी विचारायचं. शौच पांढरी होते का, अंगाला फार खाज आहे का. थंडी वाजून ताप येतो का, लघवी कमी झाली आहे का, कारण पावसाळ्यात चिखलपाण्यात वावरणाऱ्यांचा लेप्टोस्पायरोसिस असाच येतो आणि त्याला वेळेवर औषध दिलं तर माणूस वाचतो. कुणी बरळतो आहे का, दिवसा झोपून रात्री जागतो आहे का. कावीळ तान्ह्या बाळाची आहे का. पन्नाशीच्या पुढचा माणूस आहे का. आणि बाई गरोदर आहे का, कारण 'ई' ची कावीळ शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. यातलं एक जरी उत्तर 'हो' आलं, तरी पेशंट त्याच दिवशी माझ्याकडे. तीन आठवड्यांत पिवळेपणा उतरणीला लागला नाही, तरी माझ्याकडे.

आप्पांनी शब्द पाळला. जाईपर्यंत, म्हणजे पुढची बारा-तेरा वर्षं, ते माणसं पाठवत राहिले. पहिली आली ती सातव्या महिन्यातली एक पोर, सासूबरोबर बैलगाडीतून. मी तिला तसंच पुढे मोठ्या इस्पितळात धाडलं. तिथे तिने अठरा दिवस काढले आणि ती वाचली. तिला तपासताना मी मनगट हातात घेतलं तर बोटांच्या बेचक्यांत पिवळे डाग दिसले. माझ्याकडे पाठवण्याआधी आप्पांनी तिचेही हात धुऊन दिले होते.